फुकटचं विमान? ब्रिटनमधल्या उड्डाण शिष्यवृत्तीबद्दलचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

ब्रिटनमधल्या मराठी घरातल्या मुलाने किंवा मुलीने एअर कॅडेट्समध्ये नाव घातलं, की घरात ठरलेली चर्चा सुरू होते. पुण्याच्या आजीला वाटतं, नातवंड सैन्यात भरती झालं. बाबांना वाटतं, आता पायलटचं लायसन्स फुकटात पदरात पडणार. आईला काळजी ए-लेव्हलची. पुढे उड्डाण शिष्यवृत्तीचा अर्ज समोर आला, की या चर्चेत ऐकीव माहितीची भर पडते.

आधी थोडी पार्श्वभूमी. एअर कॅडेट्सची संघटना म्हणजे एअर ट्रेनिंग कोअर. तिची स्थापना ५ फेब्रुवारी १९४१ची, ऐन महायुद्धातली. वैमानिक होऊ पाहणाऱ्या मुलांची आधीच थोडी तयारी व्हावी हा उद्देश. युद्धानंतर, १९५०च्या सुमारास, रॉयल एअर फोर्सने फ्लाइंग स्कॉलरशिप सुरू केली. निवडक कॅडेट्सना गावोगावच्या नागरी फ्लाइंग क्लबमध्ये ३० तासांचं प्रशिक्षण मिळे आणि बिल एअर फोर्स भरे. पुढे तास कमी होत गेले. आज दारं अनेक आहेत: कॅडेट्ससाठी ग्लायडिंगचं प्रशिक्षण, पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी युनिव्हर्सिटी एअर स्क्वाड्रन, शिवाय रॉयल एअर फोर्सेस असोसिएशन, १९०९ साली सुरू झालेली एअर लीग आणि ऑनरेबल कंपनी ऑफ एअर पायलट्स यांच्या शिष्यवृत्त्या. नियम ज्याचे त्याचे वेगळे, पण गैरसमज सगळीकडे तेच.

गैरसमज १: शिष्यवृत्ती घेतली की मूल एअर फोर्सला बांधलं गेलं.

वस्तुस्थिती: एअर कॅडेट हा सैनिक नसतो. एअर कॅडेट्स ही एअर फोर्सच्या पाठबळावर चालणारी युवक संघटना आहे. गणवेश आहे, परेड आहे, 'सर' आणि 'मॅम' आहे, पण पुढे भरती होण्याचं बंधन नाही. युनिव्हर्सिटी एअर स्क्वाड्रनमधले विद्यार्थी राखीव दलात नोंदले जातात आणि हजेरीचे पैसेही मिळवतात, तरी पदवीनंतर त्यांना आपली वाट मोकळी असते. सैन्यदलांच्या काही शिक्षणवृत्त्यांना मात्र सेवेची लेखी अट असते. त्या वेगळ्या, तिथे सही करण्याआधी कागद नीट वाचावा.

याची उलट बाजूही लक्षात ठेवायला हवी. भारतात एनसीसीच्या 'सी' प्रमाणपत्राला हवाई दलात खास प्रवेशाची वाट आहे, त्यामुळे आपल्याकडच्या पालकांना इथेही तसंच काही असेल असं वाटतं. इथे तशा राखीव जागा नाहीत. एअर फोर्सचा वैमानिक व्हायचं असेल तर माजी कॅडेटलाही इतरांसारखंच क्रॅनवेलच्या निवड केंद्रात जाऊन संगणकावरच्या कल चाचण्या, मुलाखत आणि वैद्यकीय तपासणी यांतून पार पडावं लागतं. शिष्यवृत्तीमुळे सांगण्यासारखा अनुभव गाठीला येतो, नेमणूक मिळत नाही.

गैरसमज २: शिष्यवृत्ती म्हणजेच पायलटचं लायसन्स.

वस्तुस्थिती: बहुतेक योजना पहिल्या एकट्याच्या उड्डाणापर्यंत, म्हणजे सोलोपर्यंत, किंवा त्याच्या अलीकडेच थांबतात. एअर कॅडेट पायलट स्कीममध्ये साधारण १२ तासांचं उड्डाण असे. खासगी वैमानिकाच्या परवान्यासाठी किमान ४५ तास लागतात. त्यांतले २५ इन्स्ट्रक्टरबरोबर आणि १० एकट्याने. या १० तासांत एक लांबचा प्रवास येतो: किमान १५० सागरी मैल, वाटेत दोन परक्या एअरफील्डवर उतरून. वर नऊ विषयांच्या लेखी परीक्षा, प्रत्येकीत ७५ टक्के हवेत. हवाई कायदा, हवामानशास्त्र, दिशादर्शन, मानवी कार्यक्षमता असे हे विषय.

वयाच्या अटीही आहेत. ग्लायडर चौदाव्या वर्षी एकट्याने उडवता येतं, इंजिनाचं विमान सोळाव्या वर्षी, आणि खासगी परवाना सतराव्या वर्षी हातात पडतो. म्हणजे रस्त्यावर गाडी एकट्याने चालवण्याआधी मूल आकाशात एकटं जाऊ शकतं. पण शिष्यवृत्तीचे तास ही सुरुवात असते. उरलेल्या तासांचा खर्च तासाला दोनशे पौंडांच्या आसपास किंवा त्याहून जास्त धरावा. विमान कंपनीतल्या नोकरीपर्यंतचा सलग कोर्स लाखभर पौंडांच्या घरात जातो. म्हणूनच ब्रिटिश एअरवेजने २०२३ साली संपूर्ण खर्च उचलणारी स्पीडबर्ड पायलट अकॅडमी जाहीर केली तेव्हा अर्जांची रीघ लागली.

गैरसमज ३: मार्क चांगले हवेत, एखादा क्लास लावला की झालं.

वस्तुस्थिती: इलेव्हन प्लसला क्लास लावून ग्रामर स्कूल मिळवलेल्या घरांत हा समज फार घट्ट असतो. कॅडेट्समधली नावं मुळात स्क्वाड्रनकडून पुढे जातात. तिथले अधिकारी मुलाला आठवड्यातून दोन संध्याकाळी, वर्षानुवर्षं पाहत असतात. पावसात परेडला कोण आलं, नव्या मुलांना बूट पॉलिश करायला कोण शिकवतं, कॅम्पवर भांडी घासायच्या वेळी कोण दिसेनासं होतं, हे सगळं त्यांना ठाऊक असतं. फर्स्ट क्लास, लीडिंग, सीनिअर, मास्टर अशा कॅडेटच्या पायऱ्या असतात. उड्डाणाची तत्त्वं, दिशादर्शन, एअरमनशिप हे विषय तिथेच शिकवले जातात. हा अभ्यास मन लावून केलेल्या मुलाला मुलाखतीसाठी निराळा क्लास लागत नाही.

संस्थांच्या मुलाखतीत 'लहानपणापासून विमानांचं वेड आहे' हे वाक्य समोरच्या पॅनेलने शेकडो वेळा ऐकलेलं असतं. त्यांना ऐकायचं असतं ते हे, की त्या वेडापायी काय केलंस. शनिवारी जवळच्या एअरफील्डवर जाऊन विमानं हँगरमधून ढकलायला मदत केली, हवामानाचे अहवाल वाचायला शिकले, पेपरची लाइन टाकून स्वतःच्या पैशाने अर्ध्या तासाचं एक उड्डाण केलं, अशी उत्तरं लागू पडतात. आईबाबांनी लिहून दिलेलं निवेदन दुसऱ्या प्रश्नालाच उघडं पडतं.

गैरसमज ४: सिम्युलेटरवर तो आत्ताच एअरबस उतरवतो, इथे काय अवघड?

वस्तुस्थिती: घरच्या सिम्युलेटरचा फायदा आहे, पण चुकीची सवयही त्यातूनच लागते. पडद्यासमोर वाढलेलं मूल विमानात बसल्यावर डोळे यंत्रांवर खिळवून बसतं. साध्या विमानात मात्र बहुतेक वेळ बाहेर बघायचं असतं: क्षितिजाच्या तुलनेत नाक किती वर आहे, डावीकडून कोण येतंय, उतरायची वेळ आली तर खाली शेत कुठलं. हे कळावं म्हणून कित्येक इन्स्ट्रक्टर वेगाचा काटा कागदाने झाकून सर्किट, म्हणजे धावपट्टीभोवतीचा ठरलेला फेरा, मारायला लावतात. शिवाय रडरवरचा पायाचा दाब, वळताना अंगावर येणारं वजन, झोताने उचललेला पंख हे काही पडद्यावर कळत नाही.

सिम्युलेटरचा खरा उपयोग तपासण्या पाठ करायला आणि सर्किटचा क्रम डोक्यात बसवायला. उड्डाण, चढ, वाऱ्याला आडवं, वाऱ्याबरोबर समांतर, पुन्हा वळून धावपट्टीकडे, आणि शेवटचा उतार. प्रत्येक टप्प्यावर काय बोलायचं आणि काय तपासायचं हे खुर्चीत बसून, डोळे मिटून म्हणता आलं पाहिजे. बारा तासांच्या कोर्समधली वीस मिनिटं 'पुढे काय?' हे आठवण्यात गेली, तर ती परत मिळत नाहीत.

गैरसमज ५: एअरफील्ड छोटं, म्हणजे काम सोपं.

वस्तुस्थिती: बहुतेक शिष्यवृत्त्यांचं प्रशिक्षण छोट्या एअरफील्डवर होतं, आणि तयारीत सर्वांत जास्त दुर्लक्ष होतं ते याच गोष्टीकडे. हीथ्रोवर वैमानिकाच्या प्रत्येक हालचालीवर नियंत्रकाची नजर असते. छोट्या जागी बरंचसं तुमच्यावर सोपवलेलं असतं.

रेडिओचंच घ्या. ब्रिटनमध्ये एअरफील्डच्या नावापुढे 'टॉवर' असेल तर तिथे हवाई वाहतूक नियंत्रक आहे आणि तो परवानगी देतो. 'इन्फर्मेशन' असेल तर माहिती अधिकारी, ज्याचे अधिकार मर्यादित. आणि 'रेडिओ' असेल तर तिथला माणूस वारा कुठून किती, वापरातली धावपट्टी कोणती, सर्किटमध्ये कोण आहे एवढंच सांगतो. 'उतरा' असं तो म्हणू शकत नाही. उतरायचं की नाही, समोरचं विमान धावपट्टीवरून बाजूला झालं का, हा निर्णय वैमानिकाचा, मग तो सोळा वर्षांचा का असेना. 'परवानगी मिळाली होती' या सबबीला तिथे जागाच नाही.

धावपट्टी कित्येकदा गवताची. जानेवारीत ती चिखलाने भरते आणि मग आठवडाभर उड्डाण बंद. मेडनहेडजवळच्या व्हाइट वॉल्थमच्या धावपट्ट्या आजही गवताच्या आहेत. दुसऱ्या महायुद्धात एअर ट्रान्सपोर्ट ऑक्झिलिअरीचे स्त्री-पुरुष वैमानिक याच ठाण्याहून निघून कारखान्यांतली नवी लढाऊ विमानं ठिकठिकाणी पोहोचवत. धावपट्टीवरचा २५ हा आकडा म्हणजे होकायंत्राचे अंदाजे २५० अंश. वारा २०० अंशांवरून असेल तर तो तिरका आणि डावीकडून येणार, हे हिशेब न करता सुचलं पाहिजे. लंडनभोवतीची बरीच एअरफील्ड हीथ्रो-गॅटविकच्या नियंत्रित हवाई हद्दीला खेटून आहेत, त्यामुळे थोडी उंची किंवा दिशा चुकली तरी प्रकरण गंभीर होतं. वर शेजारच्या गावांना आवाजाचा त्रास नको म्हणून सर्किटची वाटही ठरलेली. एअरफील्डचा नकाशा आणि स्थानिक नियमांचं पान जाण्याआधी पाठ असावं.

मग विमानाची तपासणी. पंखाखालच्या झडपेतून पारदर्शक नळीत थोडं इंधन काढायचं आणि पांढऱ्या पार्श्वभूमीवर धरून बघायचं. नेहमीचं विमानाचं पेट्रोल फिकट निळं असतं. पाणी असेल तर ते जड म्हणून तळाला बुडबुड्यासारखं बसतं. फसगत होते ती नळीत नुसतं पाणीच आलं तर: सगळं एकसारखं, स्वच्छ दिसतं, आणि घाईतल्या मुलाला ते ठीक वाटतं. म्हणून रंग बघायचा, वास घ्यायचा. रात्रभर पावसात उभ्या राहिलेल्या विमानात ही दोन मिनिटं सर्वांत महत्त्वाची.

आणि हवामान. अहवालात ढगांसाठी 'ब्रोकन' आलं तर आकाशाच्या आठ भागांपैकी पाच ते सात झाकलेले. त्यापुढे ८०० फूट असेल तर हजार फुटांचं सर्किट त्या दिवशी विसरायचं. इथल्या दमट हवेत कार्ब्युरेटरमध्ये बर्फ धरतं, आणि ते फक्त हिवाळ्यात नाही. बाहेर २० अंश सेल्सिअसच्या वर तापमान असतानाही धरतं, कारण आत इंधनाची वाफ होताना हवा एकदम थंड होते. जूनच्या छान दुपारी इंजिन का घरघरतंय, याचं उत्तर बऱ्याचदा हेच असतं. ब्रिटिश हवामान खात्याची वैमानिकांसाठीची माहिती नोंदणी केली की मोफत मिळते. कोर्सच्या आधी काही आठवडे रोज सकाळी जवळच्या विमानतळाचा अहवाल वाचायचा आणि खिडकीबाहेर बघून ताडून पाहायचा. एवढ्याने हवामानाचा अर्धा पेपर सुटतो.

गैरसमज ६: चष्मा आहे, म्हणजे नाव काढायलाच नको.

वस्तुस्थिती: नागरी परवान्यासाठीच्या दुसऱ्या श्रेणीच्या वैद्यकीय तपासणीत चष्मा चालतो, दृष्टी चष्म्याने हव्या त्या पातळीला आली पाहिजे आणि उडताना जादाचा चष्मा जवळ हवा. रंगांधळेपणा असला तरी दिवसा उडण्यापुरतं प्रमाणपत्र मिळू शकतं. एअर फोर्सच्या वैमानिकासाठीचे निकष याहून कडक आहेत. दोन्हींची गल्लत करू नये. दमा, फिट, हृदयाचा आजार असा काही इतिहास असेल तर तो लपवू नये. अर्ज करतानाच वैमानिकांची तपासणी करणाऱ्या मान्यताप्राप्त डॉक्टरांना विचारावं. उन्हाळ्यात इथे घरोघरी परागकणांच्या सर्दीच्या गोळ्या चालतात. त्यांतल्या काहींनी गुंगी येते, आणि तशी गोळी घेऊन उडायचं नसतं. ग्लायडरला वजनाची आणि उंचीची मर्यादा असते, तीही आधी विचारून घ्यावी.

गैरसमज ७: सैन्याचं काम म्हणजे धोका अजिबात नाही. किंवा: फार धोका.

वस्तुस्थिती: दोन्ही टोकं चुकीची. २००९ साली कॅडेट्सना घेऊन उडणाऱ्या ग्रोब ट्यूटर विमानांचे दोन अपघात झाले. ११ फेब्रुवारीला साउथ वेल्सवर दोन ट्यूटर एकमेकांवर आदळून चौघे गेले, त्यांत दोन कॅडेट मुली होत्या. १४ जूनला ऑक्सफर्डशरमध्ये ट्यूटर आणि ग्लायडरची टक्कर होऊन ट्यूटरमधले वैमानिक आणि कॅडेट दगावले. त्यानंतर जवळ येणाऱ्या विमानांची सूचना देणारी यंत्रणा ट्यूटरमध्ये बसवण्यात आली. इन्स्ट्रक्टर 'बाहेर बघ, बाहेर बघ' असं सतत का म्हणतो, ते यावरून कळावं. मूल काय करणार आहे, कुठे, कुणाबरोबर, हे विचारणं पालकांचा हक्क आहे, आणि त्यांच्या संमतीच्या सहीशिवाय मुलाला उडवलं जात नाही.

गैरसमज ८: एकदा निवड झाली की तारीख पक्की.

वस्तुस्थिती: तारीख हवामानाच्या हातात असते, आणि कधी कधी त्याहून मोठ्या गोष्टींच्या. एप्रिल २०१४मध्ये एअर कॅडेट्सची सगळी ग्लायडर्स जमिनीवर आली, कारण त्यांच्या उड्डाणयोग्यतेच्या नोंदींत त्रुटी आढळल्या. काही आठवड्यांचा वाटलेला खंड वर्षांवर गेला. व्हिजिलंट हे मोटर ग्लायडर पुन्हा नीट परतलंच नाही, २०१८मध्ये निवृत्त झालं. विंचने वर खेचलं जाणारं व्हायकिंग हळूहळू परत आलं. या काळात वयाची मर्यादा ओलांडलेली कॅडेट्सची एक फळीच्या फळी न उडता बाहेर पडली. डंडीची टेसाइड एव्हिएशन ही संस्था अनेक वर्षं कॅडेट्सना विमान शिकवत होती. एप्रिल २०२३मध्ये तीच दिवाळखोरीच्या प्रशासनाखाली गेली.

यातून दोन गोष्टी घ्याव्यात. एकाच योजनेवर विसंबू नये. स्क्वाड्रनचं ग्लायडिंग, एअर लीग, एअर पायलट्स असे अर्ज वेळच्या वेळी करत राहावे. आणि उरलेले तास स्वतःच्या पैशाने करायची वेळ आली तर कुठल्याही फ्लाइंग स्कूलला पूर्ण रक्कम आगाऊ देऊ नये. जेवढं उडालं तेवढ्याचं बिल भरावं, सवलत कितीही मोहाची असली तरी.

गैरसमज ९: हे गोऱ्या, धडधाकट मुलांचं क्षेत्र.

वस्तुस्थिती: क्रॅनवेलच्या एअर फोर्स कॉलेजात १९३०मध्येच भारतीय कॅडेट्स दाखल झाले होते. त्यांच्यातले सुब्रोतो मुखर्जी पुढे भारतीय हवाई दलाचे पहिले भारतीय प्रमुख झाले. मुलींना एअर ट्रेनिंग कोअरचं दार १९८०च्या दशकात उघडलं. १९९१मध्ये ज्युली अ‍ॅन गिब्सन रॉयल एअर फोर्सच्या पहिल्या पूर्णवेळ महिला वैमानिक झाल्या. डग्लस बेडर यांचे दोन्ही पाय रेडिंगजवळच्या वुडली या छोट्या एअरफील्डवर १४ डिसेंबर १९३१च्या अपघातात गेले, आणि कृत्रिम पायांनी ते महायुद्धात लढाऊ विमान उडवत राहिले. त्यांच्या स्मरणार्थ १९८३पासून अपंग व्यक्तींसाठी स्वतंत्र उड्डाण शिष्यवृत्ती दिली जाते. घरात कुणी अपंग असेल तर ही योजना जरूर बघावी. तिच्याबद्दल आपल्या लोकांत फार कमी बोललं जातं.

गैरसमज १०: सोलो झालं नाही, म्हणजे नापास.

वस्तुस्थिती: ब्रिटनच्या अभ्यासक्रमात पहिलं सोलो हा चौदावा पाठ. त्याआधी सरळ उडणं, चढणं, वळणं, स्टॉल आणि मग सर्किटवर सर्किट. सोलो कधी द्यायचं हे इन्स्ट्रक्टर ठरवतो: मुलाचं उतरणं सलग नीट होतंय का, वारा शांत आहे का, सर्किटमध्ये गर्दी नाही ना. तो उतरून गेला की विमान हलकं होतं आणि नेहमीपेक्षा झपाट्याने वर जातं, याने चांगली मुलंही दचकतात. म्हणून त्याची कल्पना आधी द्यावी. तीन दिवस पाऊस पडला, कोर्स संपला आणि सोलो राहून गेलं, असं दरवर्षी कित्येकांचं होतं. त्याचा हुशारीशी संबंध नाही.

नागरी परवाना देऊ शकणाऱ्या मान्यताप्राप्त शाळेत, पात्र इन्स्ट्रक्टरबरोबर केलेले तास लॉगबुकात नोंदले जातात आणि पुढच्या परवान्यासाठी धरले जातात. म्हणून कोर्सच्या शेवटच्या दिवशी लॉगबुक पूर्ण भरून, त्यावर इन्स्ट्रक्टरची सही घेऊन आणि नोंदीची प्रत काढूनच घरी यावं. घरी आल्यावर मुलाला 'एकटा उडालास का?' असं विचारण्याआधी 'काय शिकलास?' हे विचारा. त्याचं उत्तर लांबलं आणि हातवारे करून सांगितलं गेलं, तर शिष्यवृत्तीचे पैसे कारणी लागले असं समजायला हरकत नाही.